काहूनचा रकाना

नारायण गेल्याचं मला कार्डाने कळलं. तार नाही, माणूस नाही, साधं कार्ड. सकाळी कोणी अकोल्याला निघालं असतं तरी संध्याकाळच्या आत मी अमरावतीला पोचलो असतो. पण कार्ड हाती पडलं तिसऱ्या दिवशी, मी बाजारातून घरी आलो तेव्हा. तोवर सारं उरकलं होतं. खरं सांगायचं तर मला आधी राग आला. चाळीस वर्षांचा मित्र, आणि त्याच्या घरच्यांनी मला चार दूरच्या नातलगांच्या रांगेत बसवलं... मग हळूहळू ध्यानात आलं की त्यांची तरी काय चूक? दीड वर्ष आमचं बोलणं नव्हतं. आणि ते मीच तोडलं होतं.

अमरावतीत पुष्कळ लोक त्याला पायाचे डॉक्टर म्हणून ओळखत. मला तो ओळखीचा होता चांदूर बाजारच्या शाळेतला, भिक्षुकाचा हुशार मुलगा म्हणून. मी कुणब्याचा. तो पुढे शिकत गेला, मी चौथीतून उठलो आणि कापसाच्या बैलबंड्यांमागे चालत चालत अकोल्याच्या बाजारात दलाल झालो. कोणी बोट धरलं नाही, त्यामुळे कोणाचं ऐकायची सवयही लागली नाही. नारायण सुट्टीत अकोल्याला आला की माझ्यासोबत बाजारात फिरे. रुईची, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाची, चिमूट दोन अंगठ्यांत ओढून मी धागा आखूड की लांब ते सांगे, नुसती मुठीत दाबून माल ओला की कोरडा ते सांगे. एकदा त्याला मी दाखवलं होतं की पायाखाली तुडवलेली रुई कितीही झटकली तरी पुन्हा पहिल्यासारखी फुगत नाही, दाबली की दाबलेलीच राहते. तो ते बराच वेळ पाहत राहिला. तेव्हा मला वाटलं, ब्राह्मणाला गंमत वाटली असेल.

पुढे त्याने त्याचं शास्त्र केलं. मधुमेहाच्या रोग्याच्या तळव्याला जखम झाली की औषधापेक्षा पाय उचलून पडून राहणं जास्त कामाचं, असं त्याचं म्हणणं. पण रोगी पडून राहतो का? विचारलं की सगळे हो म्हणतात. म्हणून तो जखमेच्या पट्टीवर पिंजलेल्या रुईची जाड गादी बांधून देई. आतली पट्टी घरी रोज बदलायची, गादी मात्र आठ दिवस तीच ठेवायची, आणि दवाखान्यात यायच्या दिवशी कागदात गुंडाळून आणायची. ती तो बोटांत धरून पाही. फुगीर असली तर माणूस खाटेवर होता. पापडासारखी चपटी झाली असली तर चालला होता, आणि किती चालला तेही तो बरंचसं बरोबर सांगे. मग एका लांब वहीत दोन रकाने भरी, ‘म्हणतो’ आणि ‘केलं’. मला एकदा म्हणाला, साखर मोजायची रीत निघाली, पण दिलेला इलाज रोगी किती पाळतो हे मोजायला कोणी बसलं नाही, आणि पाय जातात ते तिथेच.

माझ्या पायाची पाळी आली ती ऐन हंगामात. मी बंडीतल्या कापसावर उभा राहून भाव बोलत होतो. पांढऱ्या कापसावर लाल ठसे दिसले. माल खराब केला म्हणून मी गाडीवानावर ओरडलो, कोणाच्या पायाला लागलं ते पाहा म्हणालो. तो गरीब माणूस खाली वाकला आणि म्हणाला, “मालक, तुमचाच पाय आहे.” तळव्यात खिळा गेला होता, आणि मधुमेहाने बधिर झालेल्या पायामुळे मला पत्ता नव्हता.

नारायणने पाय मांडीवर घेऊन पाहिला. चाळीस दिवस खाटेवर, म्हणाला. मी पंधरा म्हणालो. तो चाळीसच म्हणाला. मी वीसवर आलो, वर भात सोडतो म्हणालो.

“माह्यासंग काहून भाव करून राहिला बे गनपत,” तो हसून म्हणाला. “जखमेसंग कर. ते उतरली तर मी बी उतरतो.”

मी हो म्हणून आलो, आणि तिसऱ्या दिवशी बाजारात उभा राहिलो. माझ्या धंद्यात दलाल चार दिवस दिसला नाही तर आणलेलं गिऱ्हाईक दुसऱ्या दलालाच्या छत्रीखाली जातं. मग आठव्या दिवशी मी जे केलं ते दुसरा कोणी करणार नाही. चपटी गादी फेकून दिली, आणि घरात नमुन्याला ठेवलेल्या रुईतली उत्तम रुई पिंजून, तेवढ्याच मापाची नवी गादी करून कागदात गुंडाळली. हलकी रुई त्याला न्यायला मला लाज वाटली... इतका मी मूर्ख.

दवाखान्यात सहा-सात माणसं बाकावर बसली होती. नारायणने गादी उलगडली, चिमूट काढली, आणि माझ्याच पद्धतीने दोन अंगठ्यांत ओढली.

“गनपत, हे माही रुई नाई. माही आखूड धाग्याची व्हती. जुनी कुठी हाये?”

बाकावरचा एकजण हसला. मी म्हणालो, “मले खोटा म्हनून राहिला का?”

“मी नाई म्हनत,” तो म्हणाला. “रुई म्हनते.”

माझीच विद्या, मीच शिकवलेली, आणि सात माणसांसमोर माझ्यावरच चालवली. मी तसाच उठलो, पाय टेकत रस्त्यावर आलो आणि पुन्हा त्या घराची पायरी चढायची नाही असं ठरवलं. आजही मला वाटतं, त्याने ते आतल्या खोलीत नेऊन सांगायला हवं होतं. तो चुकलाच. पण महिन्याभरात अकोल्याच्या दवाखान्यात माझी दोन बोटं कापली, तेव्हा ती त्याच्या चुकीने गेली नव्हती.

त्याला कळलं, आणि तो अकोल्याला माझ्या घरी आला. दारातला त्याचा आवाज ऐकून मी भिंतीकडे तोंड केलं, डोळे मिटले. तो खाटेच्या पायथ्याशी बसला. मी जागा आहे हे त्याला समजलं नसेल असं कसं म्हणू? माझ्या श्वासावरूनही तो ओळखणारा. एकदा म्हणाला, “गनपत, तुले एक सांगाचं व्हतं.” मी हललो नाही. संध्याकाळच्या गाडीची वेळ झाली तसा तो उठला. माझ्या बायकोने नंतर सांगितलं की जाताना त्याने माझ्या पायावरचं पांघरूण नीट केलं. मला वाटलं, अजून एकदा येऊ दे, मग बोलेन. चांगला सौदा पहिल्या बोलीला पक्का करायचा नसतो, अशी माझी जन्माची सवय... तो पुन्हा आला नाही. मग कार्ड आलं.

तेराव्याला मी गेलो. वहिनींनी मला दवाखान्याच्या खोलीत बसवलं आणि ती वही पुढे ठेवली. म्हणाल्या, “भाऊजी, तुमचं पान पाहून घ्या. तुम्हाला दाखवायचं, असं मला सांगून ठेवलं होतं.”

शेवटच्या दोन वर्षांच्या पानांवर तिसरा रकाना आखला होता. दवाखान्यात तो माझ्याखेरीज सगळ्यांशी जपून, शुद्ध बोलायचा, पण त्या रकान्याला त्याने आमच्या शाळेतल्या बोलीतलंच नाव दिलं होतं, ‘काहून’, म्हणजे ‘का’. एका बाईपुढे लिहिलं होतं, घरात पाणी भरणारं दुसरं कोणी नाही. एकापुढे, देवळाची पूजा याच्याकडे, उभं राहणं भाग. माझ्या पानावर ‘म्हणतो’ खाली होतं ‘पडून होतो’, ‘केलं’ खाली ‘गादी बदलून आणली, म्हणजे बाजारात उभा’. आणि तिसऱ्यात बारीक अक्षरात: ‘हंगाम. बाजारात दिसला नाही तर माणसं तुटतात. चाळीस दिवस मागणं ही माझी चूक. बंडीच्या उंचीचा बाक करून पाय वर ठेवून बसला तर माल तिथूनच पाहू शकेल. समक्ष जाऊन सांगणे.’ बाजूला बाकाचं छोटंसं चित्र होतं, मापांसकट.

ते सांगायला तो आला होता.

बाक मी करून घेतला आहे. बाजारात लोक त्याला माझी गादी म्हणून हसतात, हसोत. पण गेल्या पंधरवड्यात त्याच पायाला पुन्हा फोड आला, म्हणून इथल्या एका तरुण डॉक्टराकडे जातो. मुलगा सभ्य आहे, हात हलका आहे. परवा त्याने पट्टी सोडली आणि विचारलं, विश्रांती घेतली ना? मी आदल्या दिवशी लग्नात चार तास उभा होतो. मी म्हणालो, एक पाऊल टाकलं नाही. तो “उत्तम” म्हणाला आणि नवीन पट्टी बांधून पुढच्या माणसाला हाक मारली.

मी स्टुलावर पाय ठेवून तसाच बसून राहिलो. काही राहिलं का काका, असं त्याने विचारलं. मी नाही म्हणालो. तेही त्याने खरं मानलं.