आत चांदी, बाहेर काळा

नव्वदीच्या दशकात आमची रिपेअर डिटॅचमेंट लडाखमध्ये एका पुलाजवळ होती. मी व्हेइकल मेकॅनिक, हवालदार. काम ठरलेलं. सकाळी इंजिनं गरम करायची, दिवसभर नट-बोल्ट सोडवायचे, संध्याकाळी बोटं शेकायची. तिथला कंटाळा सिव्हिलियन माणसाला सांगून कळत नाही, म्हणून सांगत नाही.

नायक काशिनाथ गावित आमचा ड्रायव्हर. सुरगाण्याकडचा. मी पंचवटीतला. इकडे नाशिक जिल्ह्यात आमची कधी गाठही पडली नसती, पण अख्ख्या डिटॅचमेंटमध्ये मराठी बोलणारे आम्ही दोघंच, त्यामुळे तो माझा गाववाला झाला.

इन्स्पेक्शन आलं. फौजेत इन्स्पेक्शन म्हणजे रंगरंगोटी. हलेल त्याला सलाम ठोका, न हलेल त्याला चुना फासा, असं आम्ही म्हणायचो. पण गाडीच्या एक्झॉस्टला, म्हणजे धुराच्या पाइपला, साधा रंग टिकत नाही, जळून पापुद्रे निघतात. स्टोअरमध्ये हीट-रेझिस्टंट पेंटचे दोन डबे होते, एक चांदी आणि एक काळा. मी चांदी मागितला. पाइपला चीर गेली की तिथून धूर गळतो आणि काजळी धरते. चांदीवर ती रेघ लगेच दिसते. काळ्यावर काय दिसणार, कपाळ!

आमच्या सुभेदार साहेबांनी नकारार्थी मान हलवली. "चमकेगा. सामने से दिखेगा. काला मारो."

"साब, लीकेज नहीं दिखेगा."

"पूरा काला. एक चीज, एक रंग."

"जी, साब."

साहेबांचंही खोटं नव्हतं. समोरच्या डोंगरावर दुश्मनाची दुर्बीण होती. गावितनं पाइप घासून पत्रा उघडा केला, मी काळा मारला.

"नवी नवरी काळी केली दादा तुमी," तो म्हणाला. "लय वंगाळ दिसते."

जानेवारीत तो एकटाच पुढच्या पोस्टवर रेशन टाकून परत येत होता. वाटेत बर्फ कोसळला, रस्ता बंद झाला. रेडिओवर हुकूम गेला: गाडी सोडू नको, इंजिन चालू ठेव, सोडवायला रिकव्हरीची गाडी निघाली आहे. इंजिन गोठलं असतं तर गाडी वसंतापर्यंत तिथेच पडली असती. सगळं नियमाप्रमाणे होतं. मी आणि सुभेदार साहेब रिकव्हरीच्या गाडीत होतो, फावड्यानं बर्फ उपसत पुढे सरकत होतो.

मागे तळावरच्या रेडिओ सेटवर गावित दुपारी दोनच्या सुमारास बोलला. ऑपरेटरनं मला ते नंतर सांगितलं.

"सर में दर्द है. ओव्हर."

"पानी पियो. रिकव्हरी आ रही है. ओव्हर."

ऑपरेटरला दोष कसा देऊ? त्या उंचीवर डोकं कुणाचं दुखत नव्हतं?

आम्ही पोहोचलो तेव्हा साडेचार झाले होते. इंजिन चालू. काचा बंद. गावित स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला होता, गाल लालबुंद. त्याला बाहेर ओढून मी छाती दाबत राहिलो. साहेबांनी माझा खांदा धरला तेव्हा थांबलो.

बॉनेट उघडलं. आत एक्झॉस्ट पाइपच्या जोडाशी नखाएवढी चीर होती. काजळी धरली होती, पण काळ्यावर काळी. तिथून गळलेला धूर केबिनमध्ये भरला होता. साहेबांनी चिरेवरून बोट फिरवलं आणि बोटाकडे बघत राहिले.

"अंदर का पाइप तो बाहर से दिखता ही नहीं," ते हळूच म्हणाले.

खरंच. बॉनेटखालचा पाइप कुठल्या दुर्बिणीतून दिसणार होता? आत चांदी मारायची, बाहेर काळा. एवढी साधी गोष्ट. पण एका वस्तूला दोन रंग हे फौजेत कुणाच्या डोक्यातच येत नाही. मला त्या दिवशी कुणाचाच राग आला नाही, नुसता थकवा आला. तो अजून पुरता उतरलेला नाही.

रिटायर झालो आणि नाशकात अंबडला गॅरेज टाकलं. दोन हजार सालानंतर डोंगरात जीप घालायचं खूळ नाशकात आलं. सागर नावाचा एक पोरगेला बाप आपली जीप घेऊन आला.

"काका, एक्झॉस्ट फुल मॅट ब्लॅक पाहिजे."

"बाहेर ब्लॅक. बॉनेटखाली चांदी."

"सिल्व्हर? टेम्पोसारखं दिसेल हो. आणि आत कोण बघतंय?"

"तू बघायचंस. दर रविवारी, बॉनेट उघडून. जमत नसेल तर द्वारका चौकात गॅरेजं रग्गड आहेत."

तोंड वाकडं करून तो हो म्हणाला.

पावसाळा सरता सरता त्याचा फोन आला. "काका, त्या सिल्व्हरवर काळी रेघ आलीय. आम्ही भंडारदऱ्याला निघालोय, बायको आणि धाकटी लेक गाडीत बसल्यात. दोन दिवस चालेल ना?"

"उतरव त्यांना."

"अहो, पण..."

"आधी उतरव!" परेड ग्राउंडवर ओरडायचो तसा मी ओरडलो. "गाडी एकटा घेऊन ये. सगळ्या काचा उघड्या ठेव."

तो आला. जोडाशी चीर होती, नखाएवढीच. मी वेल्डिंग केलं, घासलं, पुन्हा चांदी मारला. सागर बाजूला उभा राहून बघत होता.

"काका, हे आर्मीत शिकवतात का?"

"हो."

"कोणी शिकवलं?"

"नायक काशिनाथ गावितनं," मी म्हणालो. "सुरगाण्याचा होता."