ढोल कुणी वाजवायचा

थानी दीदी मिझोरामची. तिच्या ख्रिस्ती मंडळीनं देवाच्या कामासाठी तिला आमच्या नेपाळच्या डोंगरात धाडलं आणि ती माझ्याच घरात भाड्यानं राहिली. बाई साधी. स्वतःची लाकडं स्वतः वाहायची, आमच्यासारखाच पिठाचा घट्ट ढिंडो खायची आणि लहानथोर सगळ्यांना सरसकट 'तू' म्हणायची. कुणाकडे आजारपण आलं की बोलावण्याआधी दारात हजर. तिची समजूत एकच चुकीची होती. तिला वाटायचं, माणूस प्रार्थनाघरात आला की त्याची जात बाहेर राहते. आम्हीही तिला तसं वाटू दिलं.

सुट्टीवरून परतताना तिनं माहेराहून ढोल आणला. बसच्या टपावर टाकला नाही, मांडीवर घेऊन आली. तिच्या मुलखात ढोलाशिवाय देवाचं गाणं होत नाही, आणि तो वाजवायचा मान मंडळीतल्या जाणत्या माणसाचा. इथं तो मान कुणाला द्यायचा, ते तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं. मला विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं, देव जाणे.

तिनं निवडला हर्कबहादूर. हर्क जातीनं दमाई. दमायानं गावाचे कपडे शिवायचे, लग्नात नगारा वाजवायचा आणि सुगीला दारोदार जाऊन धान्य न्यायचं. घरात मात्र पाऊल टाकायचं नाही. हर्कसारखा नगारा पंचक्रोशीत कुणाचा नव्हता. मुखियाच्या मुलीच्या लग्नात धो धो पाऊस लागला, तेव्हा हर्कची नात भिजते म्हणून ओसरीवर चढली. तिला हाकललं आणि ओसरी शुद्ध करायला सोनं बुडवलेलं पाणी शिंपडलं. त्या दिवशी हर्कनं नगारा जो खुंटीला टांगला, तो पुन्हा काढला नाही. मग तो प्रार्थनेला येऊ लागला. दुसऱ्या रांगेत, आमच्याच चटईवर. तिथं तो फारसं गायचाही नाही, नुसता बसायचा. त्याला तेवढंच हवं होतं.

आमची प्रार्थना शनिवारची, सुट्टीच्या दिवसाची. त्या शनिवारी शेजारच्या गावातलीही माणसं आली होती. गाणं सुरू व्हायच्या आधी थानीनं ढोल उचलला. तिचा चेहरा आनंदानं फुलला होता.

"हर्क दादा, ये. हा मान तुझा."

हर्क हलला नाही.

"लाजतोस काय? तुझ्यासारखं कुणाला येत नाही, सगळं गाव सांगतं."

मागच्या पोरांनी टाळ्या धरल्या. आमची सुभेदारीण, जिचे गुडघे प्रार्थनेनं बरे झाले म्हणून ती विश्वासात आलेली, बसल्या जागेवरूनच म्हणाली, "अरे हर्के, एवढी बोलावतेय तर वाजव की. जन्मभर दुसरं काय केलंस?"

हर्क उठला. पट्टा गळ्यात अडकवला.

"वाजवतो. उभा कुठं राहू, दीदी? इथं, की अंगणात?"

थानी हसली. "तुला बरं वाटेल तिथं."

तो बाहेर गेला. लग्नात दमाई जिथं उभा राहतो तिथं, अंगणाच्या पार कडेला जाऊन उभा राहिला आणि त्यानं वरात दाराशी आल्यावरचा ठेका धरला. पोरं नाचायला धावली. थानीनं प्रार्थना सुरू केली, अडखळली, पुन्हा सुरू केली. बाहेर ढोल थांबेना. बऱ्याच वेळानं त्यानं तो बाहेरूनच उंबऱ्याशी ठेवला आणि निघून गेला.

त्या संध्याकाळी चुलीपाशी बसून मी थानीला नगाऱ्याचं, ओसरीचं सगळं सांगितलं. तिच्या हातातला चहा तसाच राहिला.

"तुम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं?"

"होतं."

"मग कुणी मला अडवलं का नाही?"

"आम्हाला त्यात काही वावगं दिसलंच नाही, दीदी," मी म्हणाले. खरं तेच होतं, आणि ते बोलताना मला माझीच किळस आली.

ती तडक हर्ककडे गेली. मी मागोमाग. ती त्याच्या अंगणात भुईवरच बसली आणि रडत म्हणाली, "आमच्याकडे मोठी माणसं वाजवतात रे. मी तुला मोठं करायला गेले."

हर्क शिवणयंत्रावरून उठला नाही. "मग इथंही मोठ्यांनाच वाजवू दे. मी ऐकायला येतो."

पुढच्या शनिवारी तो आला, आपल्या जागी बसला. थानीनं सगळ्यांसमोर आपली चूक कबूल केली. मग ढोल घेऊन सुभेदारणीच्या मुलासमोर गेली. हा टेकेंद्र सणाला रात्रभर मादल, म्हणजे आमची ढोलकी, बडवतो.

"हात दुखावलाय, दीदी."

माझ्या नवऱ्याला नेमकं तेव्हाच गाण्याचं पान सापडेना. थानी माझ्यापाशी आली. ढोल पुढं केला.

"बायका कुठं वाजवतात?" मी म्हणाले. विचारणारीही बाईच आहे, हे शब्द तोंडातून गेल्यावर लक्षात आलं. एक मात्र खरं, हात मागं घेतला तो बाई म्हणून नव्हे. दमायाचं काम माझ्या हातून होणार नव्हतं.

थानी मधोमध ढोल धरून उभी राहिली. कुणी तिच्याकडे बघेना.

"राहू दे, दीदी," हर्क म्हणाला. "बस खाली."

तो तेव्हा उठून गेला असता तर आम्ही सुटलो असतो. तो गेला नाही. प्रार्थना संपेपर्यंत आमच्यातच, त्याच चटईवर बसून राहिला, आणि आमच्यापैकी एकालाही मान वर करवेना.