छज्ज्याचं लोखंड

कुसुम गेल्याचा फोन आला तेव्हा मी चहा गाळत होते. महिना होत आला. तिकडे दूर तुम्हा नातवंडांना ती फक्त ‘इंजिनिअर आजी’ म्हणून ठाऊक… म्हणून हे लिहिते.

कुसुम तुमच्या आजोबांची धाकटी बहीण. दुष्काळाच्या दिवसांत आम्ही जळकोटला राहत होतो. मी शाळेत इंग्रजी शिकवायची. डिप्लोमा झालेली कुसुम सोसायटीच्या गोदामाचं काम बघायची. नकाशे ती काढायची, सही मात्र सोलापूरचे एक इंजिनिअर करायचे. स्वतःच्या सहीसाठी परवान्याची परीक्षा हवी होती आणि ती इंग्रजीत होती. रोज पहाटे मी पुस्तकातले प्रश्न विचारायची. तिचं उत्तर मला समजलं नाही, तर ती ते स्वतःच चूक धरायची.

परीक्षेच्या आदल्या दिवशी औरंगाबादची दिवसातली एकुलती बस धरायला आम्ही दोघी निघालो. वाटेत गोदाम होतं. पाण्याचा टँकर कधी नव्हे तो आला होता, त्यामुळे छज्ज्याचं काँक्रीट त्याच दिवशी ओतायचं होतं. कुसुम वर चढली आणि बांधलेल्या सळ्या बघून तिथंच थांबली.

“मिस्त्री, लोखंड खाली का बांधलं?”

“तुमीच सांगितलं की बाई, स्लॅबला खाली घाला म्हणून.”

“स्लॅब दोन भिंतींवर बसतो, रशीदभाई. छज्जा एकाच भिंतीला धरून असतो. त्याला ताण वरच्या अंगाला येतो. सगळं सोडा, वर बांधा.”

सोसायटीचे चेअरमन हसले. “बाई, तुमी जावा परीक्षेला. छज्जा काय पळून जातोय व्हय?”

“पळत न्हाय, साहेब. पडतोय. खाली माणसं उभी राहणार.”

सांगून निघावं, तर माघारी जुन्याच पद्धतीनं काम उरकतील, हे तिला कळत होतं. बस आली. मी म्हणाले, “कुसुम, वर्ष जाईल गं.”

“जाऊ द्या, वहिनी.”

बस गेली. लोखंड वर बांधून काँक्रीट ओतून होईस्तोवर, दुपार टळेपर्यंत ती उन्हात उभी राहिली. घरी आल्यावर मात्र न जेवता भिंतीकडे तोंड करून निजली… दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं पुस्तक माझ्या हातात दिलं. “विचारा, वहिनी.”

पुढच्या वर्षी ती पास झाली. नंतर जिल्ह्यात कितीतरी इमारतींच्या नकाशांवर तिची सही आली. पण मला अभिमान वाटतो तो त्या गेलेल्या बसचा.

कुणाच्याही घरी गेली, की ती आधी दाराबाहेर थांबून वर छज्जा बघायची, मगच चपला काढायची. परवा एका लग्नघरी यजमानीणबाई मला म्हणाल्या, “आत या ना, वर काय बघताय?” तेव्हा ध्यानात आलं… मीही थांबले होते.