भुऱ्या कोणावर गुरगुरला

माझी फजिती सांगायची तर सुरुवात कूलरपासून करावी लागते. अकोल्याचा एप्रिल. मी कूलरला नवा वाळा बसवत होतो आणि परतवाड्याहून वहिनींचा फोन आला. दादा गेले. सकाळी चहा घेतला आणि गेले. ओला वाळा माझ्या हातात तसाच राहिला.

महिन्याभराने पुन्हा त्यांच्याकडे गेलो तेव्हा वहिनी एवढंच म्हणाल्या, "डोंगरावरची कुंडी कोरडी पडली असंन, भाऊजी."

गावामागच्या खडकाळ डोंगराच्या माथ्यावर दगडातच एक खोलगट जागा आहे. तीच कुंडी. दादा उन्हाळाभर तिच्यात पाखरांसाठी पाणी ओतून यायचे. सोबत त्यांचा कुत्रा, भुऱ्या.

"मी जातो," मी म्हणालो. आयुष्यात जिना सोडून काही चढलेलो नाही, पण म्हणालो.

"जा. पण बिबट असते तिकडं. भुऱ्या गुरगुरला का समजून जा."

आता तुम्हीच सांगा, निघणाऱ्या माणसाला असं कोणी सांगतं का?

सकाळीच खडक तापले होते. भुऱ्या पुढे, पाण्याची कॅन घेऊन मी मागे. निम्म्यावर ऊन सोसेना. निघताना खुंटीवरून उचललेला दुपट्टा डोक्यातोंडाला गुंडाळला. नुसते डोळे उघडे. तेवढ्यात पुढच्या वळणावरून भुऱ्या परत आला आणि थबकला. पाठीवरचे केस उभे, दात बाहेर, घशात गुरगुर.

नजर माझ्याकडे. म्हणजे माझ्या मागे!

मान वळवायची हिंमत होईना. मागे एक दगड घरंगळला. बिबट्या मान धरतो असं ऐकून होतो, म्हणून दुपट्ट्याचा एक वेढा मानेला दिला. भुऱ्या जास्तच खवळला. मी आणखी एक वेढा दिला. मग हळूच फोन काढला.

"वहिनी, बिबट."

"कुठी?"

"माझ्या मागं."

"तुमाले दिसला?"

"भुऱ्याला दिसला."

"हालू नोका. बोलूबी नोका."

"मग फोन ठेवू?"

"ठेवा न बाप्पा!"

ठेवला. एकाच उन्हाळ्यात वहिनींना पुन्हा सगळ्यांना फोन करावे लागणार, एवढंच डोक्यात येत होतं.

बऱ्याच वेळाने थाळ्या बडवत अर्धी गल्ली वर आली. सगळ्यांत पुढे वहिनी, हातात काठी.

"बिबट कुठी हाय जी?" शेजारच्या काकांनी विचारलं.

"मागं."

"मागं तं बकऱ्या हायेत."

मी वळून पाहिलं. खरंच बकऱ्या होत्या.

"मग हा कोणावर गुरगुरतोय?"

वहिनी जवळ आल्या. दुपट्ट्याचं टोक हातात धरलं. "हा कुठून घेतला?"

"खुंटीवरून."

त्यांनी टोकावरून हात फिरवला. "याईचा आहे, तुमच्या दादाचा. धुतला नाही मी अजून." मग म्हणाल्या, "वास मालकाचा, अन् आत तुमी. गुरगुरंन नाही तं काय करंन तो?"

मी दुपट्टा सोडून त्यांच्या हातात दिला. भुऱ्याने शिष्टाचार म्हणून माझा हात हुंगला आणि जाऊन दुपट्ट्यात नाक खुपसलं.

"घ्या," काका म्हणाले, "बिबट तं तुमीच निंगाले, साहेब."

तेवढ्यात मला भोवळ आली. मला सावलीत बसवून त्यांनी अख्खी कॅन माझ्या डोक्यावर रिकामी केली. माथा तिथून समोर दिसत होता.

कुंडीत पाणी टाकायचं अजून राहिलं आहे.