ताटात बघणारा

लिस्बनमध्ये माझ्या मुलीच्या ताटावर नजर ठेवून असलेला माणूस मालवणपासूनच आमच्याबरोबर आला होता. हे आम्हाला कळलं तिसऱ्या दिवशी.

मी मालवणजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. दृष्ट, भूतबाधा असलं काही नसतं, हे दर वर्षी आठवीच्या मुलांना ठासून सांगतो. माझी बायको मारिया ते ऐकून घेते आणि पर्समध्ये मीठमिरचीची पुडी ठेवते. तिच्या भावाने पोर्तुगाल बघायला बोलावलं, तेव्हा पासपोर्टच्या आधी ती पुडी भरली गेली.

आमची आना सहा वर्षांची. घरीसुद्धा पेज आणि तळलेला बांगडा सोडून कशाला हात लावत नाही. लिस्बनला तिने तोंडच मिटलं. पहिल्या दिवशी भात परत, दुसऱ्या दिवशी मासा परत. ("ह्येका डोळे आसत." बांगड्याला काय नसतात?) परत म्हणजे माझ्याकडे. अन्न टाकायचं नाही हा आमच्या घरचा नियम, आणि तो मी एकटाच पाळत होतो. तिसऱ्या दिवशी पोरीचे गाल उतरले. मारिया रडकुंडीला आली, आणि खरं सांगायचं तर मीही घाबरलो होतो.

त्या संध्याकाळी आम्ही एका जुन्या तळघरातल्या हॉटेलात शिरलो. दगडी भिंती, टेबलावर मेणबत्ती, आणि आमच्याशिवाय एकही गिऱ्हाईक नाही. आनासमोर बटाट्याचं सूप आणि पाव आला. तिने चमचा उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"काय झाला गो?" मारियाने विचारलं.

"तो बघता माझ्या ताटात."

"कोण?"

"तोच. काल पण बघीत होतो."

मी मागे पाहिलं. वेटर आत गेला होता. सगळ्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

"आता खंय आसा?" मी विचारलं.

"हयच."

"नाव काय त्याचा?"

"सांगूचंय नाय. तो रागावतलो."

मेणबत्तीची ज्योत हलली. (बंद तळघरात वारा कुठून आला, हे विज्ञानाच्या शिक्षकाने विचारलं नाही.) मारियाने पुडी टेबलावर ठेवली.

"पोरीक दिष्ट लागली हा. मी तिका धरतंय, तुमी ओवाळा."

एरवी मी व्याख्यान दिलं असतं. त्या दिवशी निमूट उठलो, जाडं मीठ आणि मिरच्या मुठीत घेऊन आनावरून सात वेळा ओवाळल्या, आणि मिरच्या काट्याला टोचून मेणबत्तीवर धरल्या. दृष्ट नसेल तर ठसका लागतो. कडक दृष्ट असेल तर वाससुद्धा येत नाही, असं आमच्याकडे मानतात. मिरच्या काळ्या पडत गेल्या. कोणीच खोकलं नाही. मारियाने क्रूसाची खूण केली.

मग आम्ही तिघंही एकदम खोकलो. आत वेटर खोकला, आचारी खोकला, आणि छतावरचा धुराचा भोंगा किंचाळायला लागला. हाताला लागलं ते उचलून, पोरीला काखोटीला मारून मी रस्त्यावर पळालो. मागोमाग मारिया.

फुटपाथवर आनाला खाली उतरवून, डोळे पुसत मी विचारलं, "गेलो मा तो?"

"नाय."

तिने बोट दाखवलं. मी गर्रकन मागे वळलो. मागे नुसती भिंत. पुन्हा पुढे वळलो, तर बोट अजून माझ्याकडेच.

"पप्पा, तो माझो पाव खाता."

खरंच, माझ्या तोंडात तिच्या ताटातला पाव होता.

आचाऱ्याने बिचाऱ्याने खोकत खोकत आनाला दारातच नवं सूप आणून दिलं. मला भिंतीकडे तोंड करून उभं करण्यात आलं, आणि पोरीने वाडगा चाटूनपुसून साफ केला.

आठवीच्या वर्गात मी अजूनही सांगतो की दृष्टबिष्ट काही नसतं. फक्त सांगताना मुलांच्या डब्यांकडे बघत नाही.