रापण सोडून

आज सकाळी आमच्या किनाऱ्यावर रापण ओढणं चाललं होतं. हे लांबलचक जाळं वीस-तीस माणसं दोरीने काठाकडे आणतात. मीही दोरीला लागलो होतो.

लाल बावटा असूनही एक पर्यटक पाण्यात उतरला आणि आत ओढला गेला. रापणीचे म्होरके भिकूकाका ओरडले, "दोरी सोडा रे! होडी घाला!"

माणूस वाचला. पण जाळं सैल पडलं आणि बरीच मासळी निसटली.

थोड्या वेळाने तो पाकीट घेऊन आला. "काका, नुकसान किती झालं? मी भरून देतो."

"बावटो दिसाक नाय तुका? डोळे काय पाकिटात ठेवलेलंस?" दोरीवरची सुलूकाकी कडाडली.

मला वाटलं, घ्यावेत पैसे. चूक त्याचीच होती.

काका म्हणाले, "ठेव ते. आज पैसे घेतले, तर उद्या बुडणारो हाक मारूच्या आधी खिसो चाचपतलो."

आम्ही उरलेलं जाळं ओढायला पुन्हा दोरी धरली. तोही आमच्या रांगेत येऊन ओढू लागला. इथे दोरी ओढणाऱ्या प्रत्येकाला वाटा मिळतो. काकांनी त्यालाही चार बांगडे दिले.

अशांना बचावाचं बिल लावावं, असं मी आजवर म्हणत आलो. तुमच्यापैकी कुणी काकांसमोर ते म्हणू शकेल का?