व्हॅसलीन फासलेला पुठ्ठा

व्हॅसलीनची डबी उघडली की शाळेतला धुळीचा प्रयोग आठवतो. पुठ्ठ्यांना व्हॅसलीन फासून आठवडाभर टांगायचे आणि कुठे किती धूळ चिकटते ते बघायचं. मरोळच्या आमच्या खोलीत मी एक खिडकीत टांगला, दुसरा बाबांच्या कामावरच्या शर्टाच्या खुंटीला. बाबा संगमरवर घासायचे आणि घरी येऊन खोकत बसायचे. खिडकीतला पुठ्ठा करडा झाला, खुंटीवरचा पिठात घोळल्यासारखा पांढराफटक. बाई म्हणाल्या, “घरात एवढी धूळ? काहीतरी चुकलंय गं तुझं, पुन्हा कर.” पुन्हा केला तेव्हा बाबा हॉस्पिटलात होते, खुंटी रिकामी. पुठ्ठा जवळजवळ स्वच्छ निघाला. “बघ, आता बरोबर आलं!” बाईंनी पाठ थोपटली. बाबा परत आलेच नाहीत. तो पांढराफटक पुठ्ठा अजून माझ्याकडे आहे. बरोबर तोच होता.